गुन्हा मनाचा की जातीचा?

पुण्याच्या शनिवार पेठेतील शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याची गारद्यांनी हत्या केली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या कृत्याचा दोष पेशव्याच्या सख्ख्या चुलत्याच्या, रघुनाथरावाच्या, माथी ठेवला. तेव्हापासून लोक या खुनाची कारणे शोधत आले आहेत. कोणी रघुनाथरावाच्या सत्तालालसेकडे बोट दाखवितो, कोणी गारद्यांच्या द्रव्यलोभाकडे, तर कोणी ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका सांगून आनंदीबाईच्या महत्त्वाकांक्षेकडे. ही सारी कारणे मनाची आहेत. यावरून पेशव्यांची जातच जन्मतः खुनी आहे, असे कोणी म्हटले काय? म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले.

परंतु हा न्याय सर्वांना मिळाला नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागील युक्तिवाद होता. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. कैकाडी, पारधी, भामटा यांच्या कपाळी जन्माबरोबरच गुन्हा लिहिला गेला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे काटेरी तारांच्या आड राहिली आणि हजेरी देत जगली. इटलीत लोम्ब्रोझो याने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त मांडला. आपल्याकडे जातिव्यवस्थेने तो त्याच्या कितीतरी आधी अमलात आणला होता. डॉ. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्य आणि आदिवासी यांच्याबरोबरच या गुन्हेगार ठरविलेल्या जमातींचीही गणना केली आणि ज्या संस्कृतीने हे तीन वर्ग निर्माण केले तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. संशय मात्र गेला नाही. उच्चवर्णीय घरातील तरुणाने गुन्हा केला की आपण विचारतो, त्याच्या मनात काय आले? पारध्याच्या मुलावर आळ आला की आपण विचारतो, याची जात कोणती? पहिल्यास मन आहे आणि दुसऱ्यास केवळ रक्त आहे, असेच हे मानणे नव्हे काय? ज्या मुलास लहानपणापासून चोर म्हणून हाक मारली जाते, शाळेत व बाजारात ज्याच्यावर नजर रोखली जाते, त्याच्या मनावर त्या हाकेचा घाव होतो, हे समजण्यास मोठे मानसशास्त्र लागत नाही.

मन समजून घेणे म्हणजे गुन्हा माफ करणे नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार, मनोविकारामुळे आपण काय करतो किंवा ते चूक आहे हे ज्याला कळूच शकत नाही, तोच जबाबदारीतून सुटतो. राग, लोभ वा अपमान यांमुळे सुटत नाही. धम्माचीही शिकवण याहून निराळी नाही. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आणि लोभ, द्वेष व मोह ही अकुशलाची मुळे सांगितली. ही मुळे कोणत्याही एका जातीच्या अंगणात उगवत नाहीत. अंगुलिमाल हा तर ब्राह्मण पुरोहिताचा, तक्षशिलेत शिकलेला पुत्र. तथागतांनी त्याचे मन पालटले. परंतु भिक्षू झाल्यावर लोकांनी त्याला दगड मारले, तेव्हा ते आपल्याच कर्माचे फळ म्हणून सोसण्यास सांगितले. करुणा आणि जबाबदारी यांचा असा मेळ दुसरीकडे क्वचितच आढळेल.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, मनुष्यमात्र समान आहे, ही प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती घेऊन घरी परतल्यावर मुलांना रागावताना ‘पारध्यासारखा’ हा शब्द आपल्याच तोंडून निघत असेल, तर जात आपण उंबऱ्याबाहेर टाकली काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली व कैद्यांच्या नोंदवहीतून जातीचा रकाना काढण्यास सांगितले. आपल्या मनाच्या नोंदवहीतील तो रकाना मात्र आपणच खोडावयाचा आहे.

आणि वस्तीत कोणाला संशयावरून नेले, मग तो आपला असो वा शेजारचा पारधी, तर घटनेचे कलम २२ विसरू नका : अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला मिळणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाणे, हे त्याचे हक्क आहेत. त्याच्या पाठीशी उभे राहून ते मागा. दोषी असेल तर त्याच्या कृत्याबद्दल त्याला शिक्षा होऊ द्या. जन्माबद्दल मात्र होऊ देऊ नका.

जय भीम.