आधी अपवादाचे कलम वाचा

बंदूक उत्पादकांना 2005 च्या कायद्याने दाव्यांपासून जे कवच मिळाले, त्याच धर्तीवर ऊर्जा कंपन्यांनाही संरक्षण द्यावे, असे अमेरिकेतील 16 राज्यांच्या रिपब्लिकन अ‍ॅटर्नी जनरलनी जून 2025 मध्ये केंद्रीय न्याय खात्याला सुचवले. घाईचे कारण उघड आहे. हवामानबदलाच्या हानीसाठी होनोलुलूने तेल कंपन्यांवर 2020 मध्ये लावलेल्या दाव्यात कंपन्यांचा अर्ज ऐकायला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, जानेवारी 2025 मध्ये नकार दिला होता. तोवरची बरीच वर्षे हा दावा कोणत्या न्यायालयात चालावा यावर गेली. आता पाळी कागदपत्रांची. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने एक्सॉनच्या व्यवस्थापनाला तापमानवाढीची कल्पना 1977 मध्येच दिली होती. दावा पुढे सरकला की असे आणखी कागद मागता येतात, आणि भरपाईच्या रकमेपेक्षा कंपन्यांना धास्ती त्याचीच असावी.

उत्सर्जनाचे नियम ठरवणे नगरपालिकेचे काम नाही, हा कंपन्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. 2011 च्या कनेक्टिकट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले होते: स्वच्छ हवा कायद्याने हा अधिकार केंद्रीय पर्यावरण संस्थेला दिला आहे, म्हणून केंद्रीय न्यायालयांनी त्यात पडू नये. पण 2025 मध्ये त्याच संस्थेने, मोटारींच्या हरितगृह वायूंवर बंधने घालण्याचा अधिकार आपल्याला नाही, असा प्रस्ताव मांडला. म्हणजे संस्था नियमन करणार नाही आणि न्यायालयाने हात घालायचा नाही. मग पूरग्रस्त गावाने जायचे कुठे?

भोपाळच्या वायुगळतीनंतर 1985 च्या कायद्याने भारताच्या केंद्र सरकारने पीडितांच्या वतीने दावे लढण्याचा हक्क स्वतःकडे घेतला आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरला तडजोड केली. तिच्यावर टीका झाली ती योग्यच. तरी तिथे वादी होता. कवच कायद्यात, अपवाद सोडले तर, तोच उरत नाही.

वकिलांनी 2005 चा मूळ कायदा काढून बघावा. त्यातल्या एका कलमाने प्रलंबित दावेसुद्धा तत्काळ फेटाळायला लावले. दुसरीकडे त्यात अपवादही आहेत. मालाच्या विक्रीला किंवा जाहिरातीला लागू असलेला कायदा जाणूनबुजून मोडल्यामुळे हानी झाली असेल, तर दावा टिकतो. सँडी हूक शाळेतील गोळीबारात बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांनी याच फटीतून वाट काढली. कनेक्टिकटच्या व्यापारप्रथा कायद्याचा आधार घेऊन त्यांनी बंदूक उत्पादक रेमिंग्टनला न्यायालयात खेचले आणि 2022 मध्ये 7.3 कोटी डॉलरची तडजोड झाली.

होनोलुलूचा दावाही याच वाटेचा आहे. तो उत्सर्जन थांबवा असे म्हणत नाही. धोका लपवून माल विकला, असे म्हणतो. त्यामुळे ऊर्जा कंपन्यांसाठी असे विधेयक आले, तर त्यात फसव्या जाहिरातीचा अपवाद शिल्लक ठेवला आहे की गाळला आहे, हे आम्ही सर्वांत आधी पाहू.