महाधिवक्ता कोणाचा?

गेल्या नवरात्रांत त्वरितादेवीच्या दर्शनासाठीं आम्ही आमच्या मूळ गांवीं, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील तलवाडा येथें, गेलों होतों. दर्शन आटोपून पारावर बसलों असतां एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्याच्या जमिनीचा एक तुकडा पुष्कळ वर्षांपूर्वीं एका सार्वजनिक कामासाठीं गेला होता. मिळालेला मावेजा अपुरा म्हणून तो न्यायालयांत गेला. न्यायालयानें मावेजा वाढवून दिला. आणि त्या निकालाविरुद्ध सरकारनें वरच्या न्यायालयांत अपील केलें. "सर," तो म्हणाला, "सरकार आपलंच आहे असं तुम्ही पोरांना शिकविता. मग त्याचा वकील आपल्याविरुद्ध कसा उभा राहतो? तो वकील आहे तरी कुणाचा?"

अध्यापनांत आम्हीं तीस वर्षें घालविलीं आहेत. परंतु या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें नाहीं, हें प्रांजळपणें कबूल करतों. घरीं परतल्यावर त्यावर जों जों विचार केला तों तों असें वाटूं लागलें कीं, हा प्रश्न अडाण्याचा नसून शहाण्यांनीं विचारावयाचा राहून गेलेला आहे. प्रत्येक अपील राज्याचा महाधिवक्ता स्वतः ठरवितो असें नाहीं. तें काम विधि व न्याय खात्याचें. परंतु राज्याच्या वतीनें न्यायासनापुढें उभ्या राहणाऱ्या सर्व वकिलांचा तो अग्रणी, आणि सरकारास कायद्याचा शेवटचा शब्द सांगणारा तोच. तेव्हां तो कोणाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर अवलंबून आहे.

सुशिक्षित घरांतही या अधिकाऱ्याविषयीं फारशी माहिती नसते, म्हणून प्रथम तो कोण तें पाहूं. भारतीय घटनेच्या १६५ व्या अनुच्छेदानें प्रत्येक राज्यास एक महाधिवक्ता दिला आहे. त्याची नेमणूक राज्यपाल करितो. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता त्याच्या अंगीं असावी लागते. सोंपविलेल्या कायदेविषयक प्रश्नांवर सरकारास सल्ला देणें हें त्याचें मुख्य काम. आणि राज्यपालाची मर्जी असेल तोंपर्यंत त्यानें अधिकारावर राहावयाचें. १७७ व्या अनुच्छेदान्वयें विधिमंडळाच्या सभागृहांत बोलण्याचा व कामकाजांत भाग घेण्याचा त्यास हक्क आहे. मत देण्याचा मात्र नाहीं. शिवाय १९७१ च्या न्यायालय-अवमान कायद्याप्रमाणें सामान्य नागरिकास कोणाविरुद्ध फौजदारी अवमानाचें प्रकरण उच्च न्यायालयापुढें न्यावयाचें असल्यास महाधिवक्त्याची लेखी संमति लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९१ व्या कलमान्वयें सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध जनतेच्या वतीनें दावा लावण्याचा अधिकारही त्यास आहे. आतां आम्ही विचारतों, ज्याच्या संमतीवांचून नागरिकाची तक्रार न्यायासनापर्यंत पोंचत नाहीं आणि ज्यास सभागृहांत आसन आहे, तो काय मंत्रिमंडळानें फी देऊन लाविलेला खाजगी वकील झाला? खटल्याच्या शीर्षकावर 'महाराष्ट्र राज्य' असें लिहिलेलें असतें. तेथें कोणा मुख्यमंत्र्याचें नांव नसतें. अशील राज्य आहे. आणि राज्यांत तलवाड्याचा तो शेतकरीही येतो.

व्यवहारांत मात्र उलटाच प्रकार दिसतो. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतो. म्हणून राज्यपालाची मर्जी म्हणजे मंत्रिमंडळाची मर्जी, आणि मंत्रिमंडळाची मर्जी म्हणजे बहुधा एकट्या मुख्यमंत्र्याची मर्जी. घटनेच्या मसुद्यांत, मुख्यमंत्र्यानें राजीनामा दिला कीं महाधिवक्त्यानेंही निवृत्त व्हावें, अशी तरतूद होती. अंतिम घटनेंत ती राहिली नाहीं. म्हणजे घटनाकारांनीं जें बंधन पुसून टाकिलें, तेंच आम्हीं रूढीच्या शाईनें पुनः लिहून काढिलें! सरकार बदललें कीं महाधिवक्ता बदलावयाचा, हा जणू घटनेचाच नियम आहे अशा समजुतीनें सारे पक्ष वागतात, आणि पुष्कळदां तो अधिकारीही स्वतः होऊन राजीनामा धाडून देतो.

याचा परिणाम पाहावयाचा असेल तर दोन काळ शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. होरमसजी सीरवई हे १९५७ पासून १९७४ पर्यंत, म्हणजे १७ वर्षें, या पदावर होते. घटनेवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९६७ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला, तोही ते पदावर असतांनाच. मुख्यमंत्री येत गेले व जात गेले, सीरवई मात्र राहिले. ते सारे मुख्यमंत्री एकाच पक्षाचे होते हें खरें. तरी सल्लागाराच्या स्थैर्यानें राज्याचें कांहीं बिघडलें नाहीं हेंही तितकेंच खरें. उलट २०१४ च्या अखेरीस सरकार बदललें तेव्हां दरायस खंबाटा पायउतार झाले. त्यांच्या जागीं आलेले सुनील मनोहर २०१५ च्या जूनमध्यें गेले. नंतर आलेले श्रीहरी अणे २०१६ च्या मार्चमध्यें गेले. आणि त्यांच्यामागून आलेले रोहित देव २०१७ सालीं न्यायाधीश होऊन गेले. तीन वर्षांच्या आंत एका खुर्चीनें चौघांस निरोप दिला. त्या चौघांच्या विद्वत्तेविषयीं आमची कसलीही तक्रार नाहीं. तक्रार आहे ती खुर्चीच्या डळमळणाऱ्या पायांविषयीं.

यांपैकीं अणे यांचें प्रकरण आम्हां मराठवाड्याच्या लोकांस विसरतां येण्यासारखें नाहीं. जालना येथें बोलतांना त्यांनीं स्वतंत्र मराठवाड्याचा पुरस्कार केला. विधिमंडळांत एकच गदारोळ उठला. विरोधकांबरोबर सत्तेंतील भागीदार पक्षानेंही त्यांना काढा म्हणून आग्रह धरिला. आणि २२ मार्च २०१६ रोजीं त्यांनीं राज्यपालांकडे राजीनामा दिला. आम्ही स्पष्टच सांगतों कीं, अणे यांचें मत आम्हांस मान्य नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाच्या अमलांतून सुटलेला आणि १९५६ सालीं आपल्या भाषाबंधूंस येऊन मिळालेला हा प्रदेश पुनः वेगळा व्हावा असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या राज्याचें वकीलपत्र घेतलें त्याच्या विभागणीचा पुरस्कार सभा-संमेलनांतून करणें त्या पदास शोभतें काय, हाही प्रश्न योग्यच आहे. परंतु आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्या गृहस्थास त्या सभागृहांत बोलण्याचा हक्क घटनेनें दिला आहे, त्याच्यावर सभागृहानें आरोप करावे. आणि त्यानें तेथें उभें राहून उत्तर द्यावें, तें ऐकून निर्णय व्हावा, असें कांहीं न घडतां प्रकरण मिटून जावें, ही कोणती न्यायबुद्धि? चोरासही आपलें म्हणणें मांडूं द्यावें असें कायदा सांगतो. तो कायदा ज्यानें सरकारास सांगावयाचा, त्याच्या वांट्यास तेवढेंही आलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, ही मर्जीची गुलामगिरी नको असेल तर हें पद लोकांनींच निवडून कां देऊं नये? अमेरिकेकडे बोट दाखविणारे तरुण आमच्या वर्गांतही भेटतात. तेथील ५० राज्यांपैकीं ४३ राज्यांत हा अधिकारी जनता प्रत्यक्ष मतदानानें निवडते. या पद्धतीचे गुण आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. तंबाखूच्या बलाढ्य कंपन्यांविरुद्ध १९९४ सालीं पहिला दावा लावणारा मिसिसिपीचा विधि-अधिकारी लोकनियुक्त होता. आणि १९९८ सालीं ४६ राज्यांच्या अशा अधिकाऱ्यांनीं मिळून त्या कंपन्यांस २५ वर्षांत सुमारें २०६ अब्ज डॉलर देण्यास भाग पाडलें. गव्हर्नराच्या मर्जीवर जगणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून हें इतक्या सहजीं झालें असतें असें वाटत नाहीं.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. निवडून यावयाचें म्हणजे पक्ष आला, पैसा आला, जाहीरनामा आला. आणि कोणावर खटला भरणार हें आधींच गर्जून सांगणें आलें. हें पद तेथें पुष्कळदां वरच्या पदाची पायरी ठरतें. बिल क्लिंटन हे आर्कान्सासचे विधि-अधिकारी होते, ते १९७९ सालीं तेथले गव्हर्नर झाले. टेक्सास राज्यांत २०२३ सालीं तेथील लोकनियुक्त अधिकारी केन पॅक्स्टन यांच्यावर कनिष्ठ सभागृहानें महाभियोग आणिला, वरिष्ठ सभागृहानें त्यांस निर्दोष ठरविलें. आणि हा न्याय कीं राजकारण याविषयीं लोकांत दोन तट पडले. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकींतही जातीचा हिशेब मांडला जातो. तेथें महाधिवक्ता निवडून द्यावयाचा म्हटलें, तर 'अमुक समाजाचा वकील' आणि 'तमुक समाजाचा वैरी' एवढ्याच दोन पदव्या शिल्लक राहतील. एका मुख्यमंत्र्याच्या मर्जींतून सोडवून त्यास लाखो मतदारांच्या क्षणिक संतापाच्या स्वाधीन करणें म्हणजे विहिरींतून काढून नदींत टाकण्यासारखेंच आहे.

तर मग करावें काय? आमच्या मतें रोग नेमणुकीच्या हातांत नसून नेमणुकीच्या अंधारांत आहे, आणि औषधही तेथेंच आहे. एक तर मुदत ठरवावी. राज्य लोकसेवा आयोगाच्या सभासदास घटनेनें ६ वर्षांची मुदत दिली आहे. कारकुनांच्या व मामलेदारांच्या परीक्षा घेणाऱ्यास जें स्थैर्य लागतें, तें राज्याच्या कायद्याच्या रखवालदारास लागत नाहीं काय? यासाठीं घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. नव्या सरकारानें जुन्या महाधिवक्त्याचा राजीनामा परत केला, कीं नवा पायंडा पडला. दुसरें, निवड उघड निकषांनीं व्हावी. ज्या मार्चमध्यें अणे गेले, त्याच महिन्याच्या अखेरीस पंजाबच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सरकारी वकिलांच्या नेमणुका मनमानीनें न करतां पारखून कराव्या. शिपायांच्या निवडीस कसोटी हवी आणि सेनापतीच्या निवडीस नको, हा न्याय आमच्या आकलनापलीकडचा आहे.

तिसरा उपाय सर्वांत सोपा, आणि म्हणूनच कदाचित् सर्वांत अप्रिय. महाधिवक्त्यानें सभागृहांत यावें व बोलावें. मराठा समाजाच्या आरक्षणाचा कायदा २९ नोव्हेंबर २०१८ रोजीं विधिमंडळानें चर्चेविना, एकमतानें संमत केला. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यांतील ५० टक्क्यांची मर्यादा या कायद्याच्या वाटेंत उभी आहे, हें सर्वांस ठाऊक होतें. ५ मे २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द केला. बीडच्या खेड्यापाड्यांतून त्यावर आशा बांधून बसलेल्या मुलांचीं वर्षें वायां गेलीं. आणि राजकीय पक्ष 'तुम्ही बाजू नीट मांडली नाहीं' असें एकमेकांस म्हणत राहिले. आरक्षण असावें कीं नसावें हा आजचा आमचा विषय नव्हे. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, विधेयक संमत होण्यापूर्वीं राज्याच्या पहिल्या वकिलानें सभागृहांत उभें राहून 'यांत धोका हा, आणि तो टाळण्याचा मार्ग हा' असें सांगण्याची रीत असती, तर आमदारांस अज्ञानाचें सोंग घेतां आलें नसतें आणि त्या मुलांची फसगत झाली नसती.

यावर विद्वान् वकील आक्षेप घेतील कीं, अशील आणि वकील यांच्यांतील बोलणें गुप्त असतें. असतें, आणि चालू खटल्यांत तें तसेंच राहावें. परंतु कायदा करणें हा खटला नव्हे. शिवाय गुप्ततेचा हक्क अशिलाचा असतो, वकिलाचा नव्हे. आणि येथें अशील जनता आहे. अशिलापासूनच त्याच्या वकिलाचा सल्ला लपवून ठेवावयाचा, हा अजब वकिली धर्म या एकाच पदाच्या बाबतींत आम्ही पाहतों. मंत्र्यांचा आपल्या वकिलावर विश्वास हवा, असाही एक आक्षेप आहे. विश्वास हवा हें कबूल; परंतु जो वकील नेहमीं 'होय' म्हणतो त्याच्यावरील विश्वासास आम्ही आळस म्हणतों.

पुढील नवरात्रांत आम्ही पुनः तलवाड्यास जाऊं. तो शेतकरी पारावर असला तर आतां आम्हांस त्यास उत्तर देतां येईल. घटनेप्रमाणें तो वकील तुझा आहे. तुझ्याविरुद्ध उभा राहिला तरी तुझ्यावर अन्याय करण्यासाठीं त्यानें उभें राहूं नये, आणि अपील करण्याजोगें नसेल तर तसें सरकारास तोंडावर सांगावें, एवढ्यासाठींच तें पद निर्माण झालें आहे. आजच्या रूढीप्रमाणें मात्र तो ज्यानें नेमिला त्याचा आहे. घटनेचें उत्तर खरें करावयाचें कीं रूढीचें, हें तलवाड्याच्या पारावर ठरणार नाहीं हें खरें. परंतु पारावरचा प्रश्न विधिमंडळापर्यंत पोंचविणें हें आम्हां चार पुस्तकें वाचलेल्या लोकांचें काम आहे, आणि तें आम्हीं आजवर केलेलें नाहीं.