धुरापुरते लाकूड

थंडीचा जोर वाढला की वडोदऱ्याच्या वेशीबाहेर पोंकाच्या भट्ट्या पेटतात आणि काठेवाडी धाटणीच्या ढाब्यांवर भाजलेल्या वांग्याच्या ‘ओळ्या’चा वास दरवळू लागतो. पोंक म्हणजे आपला हुरडा आणि ओळो म्हणजे आपले भरीत. दांडिया बाजारातील मराठी कुटुंबे गायकवाडांच्या अमदानीपासून दोन्ही पदार्थ दोन्ही नावांनी खात आली आहेत. वलसाडकडचे ‘उंबाडियुं’ पाहिले तर रायगडच्या माणसास आपल्या पोपटीचीच आठवण व्हावी; मडके, पाला, शेंगा, कंद आणि भोवती जाळ, मांडणी तीच. या सर्व पदार्थांत तिखटमिठाइतकाच धूर महत्त्वाचा. गॅसच्या शेगडीवर वांगे भाजले जाते, सोललेही जाते. परंतु त्यात धूर उतरत नाही, आणि धूर नसलेले भरीत म्हणजे वांग्याची भाजीच होय. तेव्हा हा धूर कोणत्या लाकडाचा आणि ते लाकूड कोणत्या भावाचे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

तो आजच उपस्थित करण्यास कारण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या आणि उपाहारगृहे यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. महापालिकेने दिलेली वर्षभराची मुदत न्यायालयास अधिक वाटली. दिल्लीतही त्याच वर्षी तंदूरमालकांना वीज वा गॅस वापरण्याची ताकीद मिळाली. मुंबईचा आदेश गुजरातला लागू नाही, हे खरे. परंतु शहराची हवा बिघडली की प्रथम भट्टीवाल्याकडे बोट दाखवावयाचे, ही रीत एका शहरातून दुसऱ्या शहरात जावयास वेळ लागत नाही. कोयलीचा तेलशुद्धी कारखाना आणि नंदेसरीची रसायनवसाहत ज्या शहराच्या उंबरठ्यावर आहे, तेथे हुरडेवाल्याच्या धुराने दम कोंडतो असे कोणी म्हणू लागला, तर त्या न्यायबुद्धीचे कौतुक करणे आम्हास जड जाईल.

मात्र हुरडेवाल्याची आणि ढाबेवाल्याची बाजू घेताना त्याच्या भट्टीत काय जळते याकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. वखारीतील सुक्या ओंडक्यापेक्षा भंगाराचे लाकूड निम्म्या भावासही मिळते. मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीच्या शहरात यंत्रांबरोबर आलेली खोकी आणि फळ्या यांचे ढीग सहज हाती लागतात. जुन्या घरांच्या चौकटी, प्लायवूडचे तुकडे, मोडके फर्निचर हेही त्यात येते. पोटासाठी धंदा करणारा माणूस स्वस्त ते घेतो, यात नवल ते काय? परंतु प्लायवूड चिकटविण्यासाठी फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ वापरतात, जुन्या रंगात शिसे असते आणि वाळवी लागू नये म्हणून मुरविलेल्या काही लाकडांत तांबे, क्रोमियम व सोमल असतो. हे जाळून त्यावर वांगे भाजणे म्हणजे चार आणे वाचवून गिऱ्हाइकाच्या पोटात विष घालणे. परदेशी व्यापारातील लाकडी खोक्यांवर आंतरराष्ट्रीय नियमानुसार शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असल्यास लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असल्यास त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. पहिल्याचे एक वेळ चालेल, दुसरे अन्नाच्या चुलीत जाता कामा नये. त्यातही ही खोकी बहुधा पाइनची असतात. कांडला बंदरावर परदेशी पाइन मोठ्या प्रमाणावर उतरते. या लाकडातील राळ जळताना काजळी धरते आणि पदार्थास कडवट वास देते; म्हणजे स्वस्ताईत चवही गेली आणि प्रकृतीही.

मग चांगले आणि परवडणारे लाकूड आहे कोठे? आमचे उत्तर असे की, ते वडोदऱ्याच्या अवतीभवती पडून आहे आणि त्याला कोणी विचारीत नाही. ज्यास गुजरातेत ‘गांडो बावळ’ आणि आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात, ते झाड मूळचे अमेरिका खंडातले. १९६१ च्या सुमारास कच्छच्या बन्नी प्रदेशात रणाचा प्रसार रोखण्यासाठी वनखात्याने ते लावले आणि त्याने तेथील कुरणच गिळावयास घेतले. महीच्या कोतरांतही त्याचे रान माजले आहे. गंमत अशी की, याच कुळातील ‘मेस्किट’ या झाडाच्या धुरावर टेक्सासमधील लोक मांस भाजतात आणि त्या लाकडाच्या ढलप्या पिशव्यांत भरून चढ्या भावाने विकल्या जातात. तेथे ज्यास चोखंदळ खवय्ये पैसे मोजतात, ते येथे शेतकऱ्याच्या शिव्या खात उभे आहे! जड, कठीण, संथ जळणारे, टिकाऊ निखारे देणारे हे लाकूड वर्षभर सुकवून वापरल्यास पोंकाच्या भट्टीस याहून योग्य जळण शोधूनही मिळणार नाही. तोडल्यावर ते बुंध्यापासून पुन्हा फुटते, त्यामुळे जंगल संपण्याची धास्तीही नको.

दुसरे जळण आपल्या खानदेशाने कधीच शोधून ठेवले आहे. जळगावकडील भरताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, पऱ्हाट्यांवर किंवा तुराट्यांवर भाजतात. त्या भडकन पेटतात, वांग्याची साल करपवितात आणि नेमका हवा तेवढाच धूर देऊन विझतात. करजण-डभोईकडची काळी जमीन कपाशीचीच आहे. हेक्टरी दोन-तीन टन काड्या निघतात आणि त्यांचा मोठा भाग बांधावर जाळला जातो. एक शंका मात्र आम्ही लपवू इच्छीत नाही. कपाशीवर फवारणी फार होते. तिचा अंश काडीत किती उरतो, याची तपासणी झाल्यावाचून डोळे मिटून शिफारस करणे बेजबाबदारपणाचे होईल. महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहारशास्त्राचा जुना विभाग आहे. एखाद्या हिवाळ्यात त्याने हे काम अंगावर घेतल्यास हजारो खवय्यांचे आशीर्वाद लाभतील.

धूर कितीही शुद्ध लाकडाचा असला तरी तो अमृत नव्हे, हेही सांगितले पाहिजे. त्यातील बेंझोपायरीन हे द्रव्य कर्करोगकारक ठरले आहे. युरोपात धुरावलेल्या मांसमच्छीतील त्याची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून किलोमागे पाच मायक्रोग्रॅमवरून दोनवर आणली गेली. ओले लाकूड, भडकलेली ज्वाळा आणि विस्तवावर ठिबकणारी चरबी यांनी ते वाढते. भरिताचे भाग्य असे की, करपलेली साल काढून टाकावयाची असते, तीबरोबर बरीच काजळीही जाते. गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा येते. भट्टीपाशी बसणारी बाई दिवसाचे आठ तास तो धूर गिळते. तिच्यासाठी उंच धुराडे आणि सुके जळण हवे.

लाकूड हा गरिबाच्या हक्काचा विषय आहे, हे या किनाऱ्याला नव्याने शिकवावयास नको. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्या या हक्कासाठीच. आज कोणी गोळ्या घालीत नाही, दंडाची पावती फाडतात. वडोदरा महानगरपालिकेस आमची सूचना साधी आहे. पावती फाडण्याआधी तिने शहराच्या कडेला एक जळणाची वखार उघडावी. तेथे वेडी बाभूळ, आंब्याच्या सुक्या फांद्या आणि तपासणीत उत्तीर्ण झाल्यास पऱ्हाट्या यांचा साठा असावा. रस्त्याकडेच्या झाडांच्या ज्या फांद्या पावसाळ्याआधी छाटतात, त्याही वाया न घालविता छपराखाली सुकत ठेवाव्या. कडुनिंबाच्या मात्र वेगळ्या काढाव्या, त्यांचा धूर कडू. भाव भंगाराच्या भावापेक्षा फार वर जाऊ देऊ नये. पडलेली तूट ही अन्नभेसळ रोखण्याचा खर्च समजावी. मग रंगीत फळी जाळणाऱ्यास खुशाल दंड करावा, आम्ही टाळ्या वाजवू.

फेब्रुवारी-मार्चात कपाशीची उलंगवाडी होते आणि शेतकरी काड्या उपटू लागतो. तोवर वखारीची जागा ठरली नाही, तर बांधावर नेहमीप्रमाणे आग लागेल आणि पुढच्या थंडीत पोंकाच्या भट्टीत नेहमीप्रमाणे खोकी जातील.