प्रमाणपत्र मोठे की व्यापाऱ्याचा शब्द?

आपल्याकडे क्रिकेटचे वेड, तसे अमेरिकेत बेसबॉलचे. या खेळाडूंची छायाचित्रे असलेली पुठ्ठ्याची छोटी कार्डे तेथे पूर्वी सिगारेटच्या पाकिटात, पुढे च्युइंगगमबरोबर मिळत. आज त्यांचा स्वतंत्र बाजार आहे. मिकी मॅन्टल या खेळाडूचे १९५२ सालचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले! साध्या कार्डावरही नामवंताची सही असली की भाव चढतो. पुठ्ठ्याचे मोल ते काय? ग्राहक पैसे मोजतो ते सही खरी असल्याच्या भरवशाचे.

जेथे भरवशाला भाव, तेथे लबाडी आलीच. अमेरिकेच्या एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' या मोहिमेत १९९९ साली बनावट सह्यांच्या मोठ्या टोळीवर छापे घातले. त्या मालात मदर तेरेसांची खोटी सही असलेले बेसबॉलचे चेंडूही निघाले! विशेष म्हणजे अशा मालासोबत सही अस्सल असल्याची प्रमाणपत्रेही दिली जात. सही खोटी आणि दाखलाही खोटा.

यावर त्या बाजाराने उपाय शोधले. अप्पर डेक या कंपनीने १९९० साली रेजी जॅक्सन या खेळाडूच्या सहीची २,५०० कार्डे स्वतःच्या हमीवर बंद पाकिटांतून बाजारात आणली. (आत काय निघेल हे ठाऊक नसताना नशिबावर पाकिटे घेत सुटणे आपल्या शरीअतला मान्य होणारे नाही, हे वेगळे.) पुढे २००१ पासून बेसबॉलच्या मुख्य संघटनेने सही होताना साक्षीदार हजर ठेवून वस्तूवर क्रमांकाचा शिक्का लावण्याची पद्धत सुरू केली. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही कुरआनची शिकवण आपण मदरशात पाठ करतो आणि दुकानात विसरतो!

टपालाने कार्डांची अदलाबदल करणाऱ्या छंदिष्टांतही एक रीत आहे. ज्याची पत कमी, त्याने आपले कार्ड आधी पाठवायचे. पत वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहाराने कमवावी लागते आणि एका लबाडीने जाते. एका बड्या लिलावदाराने जगप्रसिद्ध होनस वॅग्नर कार्डाच्या कडा कापून ते नवे भासवल्याची कबुली २०१३ मध्ये दिली. लिलावातील फसवणुकीबद्दल त्याला पुढे तुरुंगवास झाला.

आमच्या मते यातून आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी एक गोष्ट घ्यावी. प्रमाणपत्र, शिक्का, हमीपत्र जरूर असावे. पण विकणाऱ्याची नियत खोटी असेल तर तो कागदही खोटाच ठरतो. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या प्रेषितांची (स.) शिकवण स्पष्ट आहे: मालातील ऐब ग्राहकाने शोधण्याची वाट पाहू नका, आपणच दाखवा. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून, किंवा भेसळीचे अत्तर अस्सल म्हणून विकणारा आणि खोटी सही करणारा, यांत फरक तो काय? ऐब सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक जाईल. परंतु जे टिकेल ते पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. बरकत त्यातच आहे.