जुन्या यॉटचा एसी: गॅस भरायचा की अख्खा बदलायचा?

माझा कॉलेजचा रूममेट अमेरिकेत फ्लोरिडामधल्या फोर्ट लॉडरडेलला बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात काम करतो. तो मेकॅनिकलवाला, मी सॉफ्टवेअरवाला. गेल्या महिन्यात त्याने व्हिडिओ कॉलवर एक यॉट दाखवली. १९९६ ची, ५८ फुटी, चार एसी असलेली. मालक रिटायर्ड माणूस, बोट सेकंडहँड घेतलेली. आता एकही एसी नीट गार करेना, एकातून तर चक्क गरम हवा. मालकाचा प्रश्न साधा होता: गॅस भरून भागेल का?

‘कम्प्रेसर गेलाय का?’ मी विचारलं.

‘कम्प्रेसर ठणठणीत आहे रे. गॅसच बाजारातून गेलाय.’

हे ऐकून मला आपले फोन आठवले. फोन चालू असतो, बॅटरी बरी असते, पण अपडेट बंद होतात आणि एके दिवशी बँकेचं अ‍ॅप उघडायचंच थांबतं. या यॉटच्या एसीचं नेमकं तेच झालंय.

त्यातला गॅस आहे आर-२२. ओझोनच्या थराला धोका म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होत आला. अमेरिकेत २०१० पासून नव्या एसीत तो वापरता येत नाही, आणि २०२० पासून नवा आर-२२ बनवणं आणि आयात करणंही बंद आहे. उरलाय तो जुना साठा, नाहीतर जुन्या मशीनमधून काढून शुद्ध केलेला. साहजिकच महाग.

पण मित्राने पहिल्या दिवशी गॅसला हातच लावला नाही. का, ते कळायला यॉटचा एसी चालतो कसा ते बघा. घरच्या एसीचं आउटडोअर युनिट उष्णता बाहेरच्या हवेत फेकतं. बोटीवर ती समुद्राच्या पाण्यात जाते. बोटीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून पाणी आत येतं, गाळणीतून पंपाकडे, तिथून कंडेन्सरच्या कॉइलमधून फिरून कडेच्या भोकातून परत समुद्रात. या वाटेवर कुठेही शेवाळ, शिंपले किंवा क्षार साचले की पाणी कमी पडतं, आतलं प्रेशर वाढतं आणि मशीन गार करेनासं होतं किंवा स्वतःच बंद पडतं. गाळणी साफ करून आणि पाण्याच्या लाइनमधून सौम्य अ‍ॅसिड फिरवून चारपैकी तीन एसी सुधारले! ‘गॅस संपलाय’ म्हणून तिथेच हजारो डॉलरचं बिल फाडणारेही असतात, असं तो म्हणाला.

चौथ्यात मात्र खरंच गळती होती. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळला. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा हवेतच जाणार.

मग त्या मशीनमध्ये नवा गॅस, आर-४१०ए, का नाही भरत? कारण त्याचं प्रेशर आर-२२ पेक्षा साधारण ६० टक्के जास्त असतं. कम्प्रेसरचं तेलही वेगळं लागतं. जुन्या तेलासोबत चालणारी काही मिश्रणं मिळतात, पण थंडावा थोडा कमी होतो, आणि गळकी नळी गळकीच राहते.

त्यात या बोटीचे एसी स्प्लिट पद्धतीचे. कम्प्रेसर इंजिन रूममध्ये, आणि तांब्याच्या नळ्या लाकडी पॅनेलमागून थेट केबिनपर्यंत. नव्या स्प्लिटसाठी त्या नळ्या बदलायच्या तर अर्धी बोट उघडावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे एकाच ट्रेवर सगळं बसवलेलं युनिट. गॅस कारखान्यातच सील होऊन येतो. बोटीवर फक्त पाण्याचा पाइप, हवेचा डक्ट, निचऱ्याची नळी आणि वायर जोडायची. १६,००० बीटीयूचं, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वा टनाच्या थोडं वरचं युनिट पलंगाखाली मावतं. तोटा एकच, पण रोजचा: कम्प्रेसरचा आवाज इंजिन रूममधून तुमच्या उशाखाली येतो.

आता खरी गंमत. मित्राने मागवलेल्या तिन्ही कोटेशनमध्ये आर-४१०ए चीच युनिट्स होती, आणि तो गॅसही जाण्याच्या वाटेवर आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट. आर-२२ चा आकडा आहे १८१०. म्हणजे एक रोग घालवायला दिलेलं औषध दुसऱ्या रोगात जास्तच वाईट निघालं! अमेरिकेत २०२० च्या कायद्याने अशा एचएफसी गॅसचं उत्पादन आणि आयात २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायची आहे. २०२५ पासून तिथे घरगुती एसी ७०० पेक्षा जास्त आकड्याच्या गॅसवर बनवता येत नाहीत. त्यामुळे आर-३२ (६७५) आणि आर-४५४बी (४६६) आले. पण हे दोन्ही सौम्य ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड. घरात खिडकी उघडता येते. बोटीत गळलेला गॅस खाली, तळाच्या पोकळीत जाऊन बसतो.

माझं मत मी मित्राला सांगितलं: सील केलेलं आर-४१०ए युनिट घ्यायला हरकत नाही. त्यात गॅस फारसा भरावाच लागत नाही, आणि खाऱ्या हवेत ते २०३६ च्या पुढे फार टिकेल असंही नाही. स्प्लिट मात्र नको. तिथे प्रत्येक सांधा म्हणजे उद्याची गळती.

हे सगळं ऐकताना मला नाशिकच्या घरचा एसी आठवत होता. २०११ चा, आर-२२ वाला. दर उन्हाळ्यात कोणीतरी येऊन ‘काका, गॅस भरून देतो’ म्हणतो आणि बाबा पैसे देतात. आपल्याकडे आर-२२ अजून मिळतो, पण २०२५ पासून तो नव्या उपकरणांत भरणं बंद झालंय आणि २०३० नंतर दुरुस्तीसाठी अगदी थोडासाच उरेल. एचएफसीचं म्हणाल तर किगाली करारानुसार भारताची कपात २०३२ ला १० टक्क्यांपासून सुरू होऊन २०४७ ला ८५ टक्क्यांवर जाते. मी बाबांना आउटडोअर युनिटच्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगितला, आणि पुढच्या वेळी आधी गळती दाखव म्हणायला. तुम्हीही आज तो फोटो काढून ठेवा.

यॉटचा मालक शेवटी एकच युनिट बदलतोय. काढलेल्या एसीत उरलेला आर-२२ मित्र हवेत न सोडता सिलिंडरमध्ये ओढून घेणार आहे. तिथल्या नियमाप्रमाणे तो त्याच मालकाच्या दुसऱ्या मशीनमध्ये वापरता येतो. उरलेल्या तिघांपैकी एखादा गळला, तर गळती बुजवून तोच भरायचा.