गल्ल्यावरून दिसणारी माणसे

शिरूरच्या पेठेत गल्ल्यावर बसणाऱ्याला माणसे शोधत हिंडावे लागत नाही. ती दिवसभर पायरी चढून येतच असतात. पेंडीच्या भावासाठी अवाक्षर न काढणारा शेतकरी निघताना एका रिकाम्या बारदानासाठी मात्र हटून बसतो. उधार मागायला आलेला गृहस्थ आधी पावसाविषयी बोलतो, मग मुलीच्या सासरविषयी, आणि मूळ गोष्ट पायरी उतरता उतरता काढतो. रांजणगावच्या कारखान्यात कामाला आलेला परप्रांतीय तरुण भाव मराठीत विचारतो, पैसे मात्र आपल्या बोलीत मोजतो. व्यापाऱ्याला हे सारे टिपावेच लागते, कारण उधारी द्यायची की नाही हे त्यावरच ठरते. कथालेखकाला हवी असलेली नजर हीच. व्यापारी माणूस ओळखला की थांबतो. लेखकाला, तो असा का, येथून आरंभ करावा लागतो.

बाजारात उभे राहून माणसे टिपण्याची ही रीत जैन कथासाहित्याला नवी नाही. उद्द्योतनसूरींनी इ. स. 779 मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यातील राजपुत्र विजयपुरीच्या बाजारपेठेत येतो, तेव्हा देशोदेशीचे व्यापारी त्याच्या कानी पडतात. प्रत्येकाचा बांधा, स्वभाव आणि तोंडचे एकदोन शब्द सूरींनी नेमके नोंदवले आहेत. महाराष्ट्रीय मनुष्यही त्यांत आहे: दणकट, ठेंगणा, सावळा, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर. ‘दिले, घेतले’ अशा अर्थाचे त्याचे बोल आहेत. सुमारे साडेबाराशे वर्षांनंतरही हे वर्णन वाचून कुणी गालात हसले तर नवल नाही.

तरीही ते एका प्रांताचे चित्र आहे, एका माणसाचे नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसे’ने 1949 मध्ये दुष्काळी मुलखातील एकेक माणूस त्याच्या नावानिशी उभा केला. धर्मा रामोशी हा रामोशांचा नमुना म्हणून लक्षात राहत नाही, धर्मा म्हणून राहतो. पुढे रानातले पशुपक्षीही माडगूळकरांनी तितक्याच संयमाने न्याहाळले, हे येथे आठवते.

भीमाकाठच्या दौंडला असा संयम गाडीच शिकवते. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन येथे वर्षानुवर्षे एका टोकाचे दुसऱ्या टोकाला लागत आले. आता काही गाड्या जोडमार्गाने परस्पर जातात, पण थांबणाऱ्या गाडीत अजूनही पुष्कळ दिसते. मावळतीकडे पाहत घाईने डबा उघडणारी आजी, आणि भूक नाही म्हणत खिडकीला चिकटलेला नातू. दोघांचेही बोलणे ऐकू येत नाही, तरी त्यांच्यातला ताण कळतो. पु. ल. देशपांड्यांची ‘म्हैस’ ही कथा तरी दुसरे काय आहे? खोळंबलेल्या एस. टी.तले उतारूच ते.

अडचण आहे ती गावाच्या आकाराची. शिरूर किंवा दौंडमध्ये नाव बदलले तरी माणूस ओळखू येतो. गल्ल्यावर विश्वासाने सांगितलेले कर्ज, मोडलेली सोयरीक, भावाभावांतील वाटणी कथेत जशीच्या तशी आली, तर ती कथा राहत नाही, चहाडी होते. प्रतिक्रमणात अठरा पापस्थानके म्हणणाऱ्या घराला पैशुन्य आणि परपरिवाद हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. शिवाय तो गृहस्थ पुन्हा कुणाच्याच पायरीवर मन मोकळे करणार नाही, हे नुकसान खातेवहीत कुठेही दिसत नाही. म्हणून जाणते लेखक घटना जागच्या जागी ठेवतात आणि लकब तेवढी उचलतात. एकाची चाल, दुसऱ्याचा आवाज, तिसऱ्याची घासाघीस यांतून चौथाच माणूस घडवतात.

बारदानासाठी हटणाऱ्या त्या शेतकऱ्याचे गाव, शेत, कर्ज यांतले काहीच घ्यायला नको. बारदान त्याला कशासाठी हवे होते, हे गल्ल्यावर कुणी विचारलेलेच नसते. कथा तेथून लिहायला घेता येते.