रयतेचे कॉलेज की फीचे दुकान?

शेतकरी, कुंभार, सुतार, लोहार, माळी, कोष्टी बंधूंनो आणि मायबहिणींनो!

गेल्या वैशाखात एका शिक्षणसंस्थेची मंडळी मोटारींतून आमच्या गावी उतरली. ग्रामपंचायतीपुढे मंडप पडला, हारतुरे झाले, आणि आम्हांस सांगण्यात आले की, "तुमच्या मुलांसाठी कॉलेज काढतो, गायरानाच्या जमिनीचा ठराव ग्रामसभेत करून द्या." भाषणांत फुले आले, शाहू महाराज आले, कर्मवीर आले. शेवटी गुळगुळीत कागदावरचे पत्रक वाटले. त्यावर संस्थेची ध्येये सोनेरी अक्षरांत छापली होती: ज्ञान, सेवा, समता, स्वावलंबन. आमच्या शेजारी एक म्हातारे कुंभारबाबा बसले होते. त्यांनी पत्रक उलटसुलट करून पाहिले आणि हळूच विचारले, "गुरुजी, ह्यात फी किती ते कुठं लिवलंय?"

ते कोठेच लिहिलेले नव्हते!

बाबांना हा प्रश्न उगाच सुचला नाही. त्यांची नात आमच्या हाताखाली शिकली. बारावीस चांगले गुण मिळवून तालुक्याच्या एका कॉलेजात गेली. बापाने दोन हप्ते भरले. तिसऱ्या हप्त्याच्या वेळी अवकाळी पावसाने कच्च्या विटांचा चिखल केला आणि हप्ता राहिला. शिष्यवृत्ती येताच भरतो, असे बाप हात जोडून सांगत होता. पण परीक्षेचे प्रवेशपत्र अडकले ते अडकलेच. पहिला पेपर बुडाला, मग वर्ष बुडाले. आज ती मुलगी बापाबरोबर भट्टीवर विटा मोजते. हिशेब मात्र तिचा अजून एका विटेनेही चुकत नाही. त्या कॉलेजाच्या दारावरही 'समता' हा शब्द आहे, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी वाचून आलो आहोत.

म्हणून आज आम्ही विचारतो : रयतेचे कॉलेज म्हणावे तरी कोणास? पाटीवर थोरांचे नाव आहे त्यास, की ज्याच्या दारातून गरिबाचे पोर पैशावाचून परत फिरत नाही त्यास?

हा वाद आजचा नव्हे. सन १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हाच हिशेब मांडला. सरकारच्या तिजोरीत पैसा जातो तो शेतात राबणाऱ्या रयतेचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ज्याने सारा भरला त्याच्या पोरास साधी अक्षरओळखही नाही, हे त्यांनी सरकारास तोंडावर सांगितले. पुढे सन १९१७ मध्ये शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि कोल्हापुरास जातीजातींची वसतिगृहे उभी केली. मुलाच्या पोटात भाकरी आणि डोक्यावर छप्पर नसेल तर शाळेचे दार उघडे असून उपयोग काय, हे त्या राजाला कळले होते.

हेच सूत्र भाऊराव पाटलांनी हाती घेतले. भाऊराव स्वतः पदवीधर नव्हते. लोखंडी नांगर विकीत गावोगाव हिंडलेला हा माणूस. शेतकऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे त्याने ओसरीवर बसून पाहिले होते. सन १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. सन १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह चालू झाले, त्याला सन १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. त्या घरात अस्पृश्य म्हणविली गेलेली मुले, मराठ्यांची, मुसलमानांची, जैनांची मुले एका पंक्तीस जेवत. धान्य सरले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले! खेड्यांतील बायांनी दळणाच्या धान्यातून मूठमूठ बाजूला काढली. त्या मुठींवर ही संस्था उभी राहिली.

वाचकहो, येथे क्रम नीट पाहा. भाऊरावांनी प्रथम कॉलेज काढले नाही. प्रथम खाण्याराहण्याची सोय केली. मग सन १९३५ मध्ये खेड्यांसाठी मास्तर तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. सन १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडले. आणि मग सन १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, जेथे मुलांनी शेतात व बांधकामावर राबावे आणि शिकावे. काल्यापासून ह्या कॉलेजापर्यंत अठ्ठावीस वर्षे लागली. आधी पाया आणि मग कळस! आजची मंडळी मात्र एकदम कळसालाच हात घालतात, कारण कळस लांबून दिसतो आणि पायात पैसा पुरावा लागतो.

हा केवळ साताऱ्याचा वेडेपणा होता, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत सन १९०१ साली इलिनॉय प्रांतातील जोलिएट गावी दोन वर्षांचे सार्वजनिक कॉलेज निघाले. पुढे त्याच १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या मंडळाने सांगितले की, अशी कॉलेजे त्या त्या भागातील लोकांसाठी गावोगाव निघावीत. त्यांस तेथे 'कम्युनिटी कॉलेज', म्हणजे आपल्या भाषेत लोकांचे कॉलेज म्हणतात. फी कमी, दार सर्वांस खुले, दिवसा राबणाऱ्यास संध्याकाळचे वर्ग, आणि दोन वर्षांनंतर ज्याची इच्छा असेल त्यास मोठ्या विद्यापीठात जाण्याची वाट. साताऱ्याचा नांगरवाला आणि अमेरिकेचे विद्वान मंडळ एकाच वर्षी एकाच ठिकाणी पोहोचले, आणि आमचा नांगरवाला तर आधीच कामाला लागला होता!

आता आक्षेपांकडे वळू. काही शहाणे म्हणतात, "शेतकऱ्याच्या पोरास कॉलेज कशाला? त्यास हातचा धंदा शिकवा, म्हणजे झाले." हे बोलणे वरवर गोड आहे, पोटात विष आहे. सन १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींनी अशीच योजना आणली : मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेला वेळ बापाच्या धंद्यात घालवावा. म्हणजे कुंभाराच्या पोराने चाक फिरवावे, परटाच्या पोराने कपडे धुवावेत, आणि कारकुनाच्या पोराने? त्याने अर्थातच पुस्तक वाचावे! पेरियार रामस्वामींनी ह्या योजनेविरुद्ध रान उठविले, आणि सन १९५४ साली कामराज अधिकारावर येताच ती रद्द झाली. 'कमवा आणि शिका' ह्याच्या नेमके उलट आहे. तेथे पाटलाचे पोर आणि महाराचे पोर एकाच खड्ड्यात कुदळ चालवीत होते, आणि संध्याकाळी एकाच कंदिलाखाली वाचीत होते. जातीने दिलेला धंदा गळ्यात बांधणे ही गुलामी होय. आपल्या शिक्षणाचा खर्च स्वतःच्या घामाने भागविणे हा स्वाभिमान होय. हे दोन एक समजणारा एक तर भोळा असावा, नाही तर लबाड!

दुसरे शहाणे नव्या धोरणाचे आहेत. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एका वर्षाने कॉलेज सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी सोडले तर पदविका, आणि वाटेल तेव्हा परत यावे, अशी सोय सांगितली आहे. सोय वाईट नाही. परंतु बाहेर जाण्याचे दार कोण वापरील? ज्याच्या बापाची विहीर आटली तो. आणि परत येण्याचे दार त्यास कोण उघडून देईल? परत येणाऱ्यास भाकरी व खोली मिळणार नसेल, तर जे कालपर्यंत 'शाळा सुटली' म्हणत होते त्यालाच आज 'प्रमाणपत्र मिळाले' म्हणावयाचे, एवढाच फरक!

आता कडू बोलतो. राग मानू नका. पूर्वी आम्ही म्हणत असू की, विद्येच्या दारावर भट बसला आहे. आज कित्येक दारांवर आपलेच भाऊबंद बसले आहेत. सन १९८३ साली महाराष्ट्र सरकारने विनाअनुदान खाजगी इंजिनियरिंग कॉलेजांस परवानगी दिली. त्याने खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुले इंजिनियर झाली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच वाटेने संस्थाचालकांची एक नवी जात जन्मास आली. ती ज्याच्या तसबिरीस हार घालते, त्याचेच लेकरू फीसाठी दारात उभे ठेवते. सोवळे नेसून विद्या अडविणारा आणि खादी नेसून प्रवेशपत्र अडविणारा, ह्यांत रयतेच्या पोराला काय फरक? भटशाही जानव्यात नसते, ती अडवणुकीत असते!

सरकार काही करीत नाही असेही नव्हे. सन २०२४ मध्ये महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतील मुलींची शिक्षण-फी व परीक्षा-फी माफ झाली. चांगले झाले. परंतु फी माफ झाल्याने खाणावळीचे बिल माफ होत नाही. शाहू महाराजांनी आणि भाऊरावांनी प्रथम वसतिगृहे का बांधली, ह्याचे उत्तर त्या बिलात आहे.

आणि थोडा दोष आपल्याही पदरी घ्या. लग्नाच्या मांडवाला कर्ज काढणारा बाप पोरीच्या वसतिगृहाला कर्ज म्हटले की गप्प बसतो. चार बुके शिकलेले पोर शेणाच्या पाटीस हात लावावयास लाजते, आणि त्या लाजेत आम्हां मास्तरांचाही वाटा आहे. कामाची लाज वाटू नये, हा धडा आम्ही फळ्यावर लिहिला, पण खोरे हातात घेऊन दाखविला नाही.

तर मग करावयाचे काय? कॉलेज नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कॉलेज हवे, अगदी हवेच! परंतु उद्या कोणतीही संस्था जमीन मागावयास येईल तेव्हा ग्रामसभेत उभे राहून चार प्रश्न विचारा. पहिला : फी किती, आणि न भरल्यास प्रवेशपत्र अडविणार नाही असे लिहून देता काय? दुसरा : मुलामुलींस राहण्याजेवण्याची सोय कधी होणार, इमारतीच्या आधी की मागून? तिसरा : राबून शिकू इच्छिणाऱ्यास काम देणार काय, आणि ते काम मजुरीचे व मानाचे असेल, की साहेबाच्या चहाच्या कपबश्या धुण्याचे? चौथा : दरसाल जमाखर्च गावापुढे वाचून दाखविणार काय? चारही उत्तरे लेखी मिळाली तर जमीनच काय, आम्ही मास्तर सुट्टीच्या दिवशी पाया खणावयास येऊ. न मिळाली तर गायरानात आमची गुरे चरतात, ती सुखाने चरोत!

आमच्या गावच्या ग्रामसभेत हे चार प्रश्न आम्ही विचारले. मंडळींनी "कळवितो" म्हणून सांगितले. त्यास सात महिने झाले. उत्तर आले नाही. ठरावही झाला नाही. कुंभारबाबांच्या नातीचा परीक्षेचा अर्ज मात्र आम्ही दुसऱ्या ठिकाणी बाहेरून भरला आहे. फी गावातील बायांनी बचतगटातून मूठमूठ जमविली. मुठीने एक संस्था उभी राहिली होती. एक पोर उभी राहणार नाही काय?

— एक खेडवळ मास्तर